हिराता-सानचे डोळे चांगले होते

हे मी वैशालीला सांगितलेलं नाही. आईला फोनवर सांगितलेलं नाही. देवासमोर हात जोडून मनातल्या मनात म्हणावं, तर तिथेही गोल गोल फिरून परत येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. शाळा मी नववीत सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका होतील, त्या तशाच राहू देतो. आणि मला राग आलेला आहे, हेही आधीच सांगून ठेवतो. थंड डोक्याने लिहायचं ठरवलं असतं तर हे कधीच लिहून झालं नसतं.

कुणाचा राग? थांबा. तिथेच तर यायचंय.

आम्ही टोकियोत ओजिमाला राहतो. सरकारी इमारती आहेत, आपले लोक पुष्कळ. पुण्याचे, मुंबईचे, सगळे कॉम्प्युटरवाले. माझी बायको वैशालीही त्यातलीच. या लोकांत माझं एक ठरलेलं नाव आहे – ‘साधा माणूस’. “वैशालीचा मिस्टर ना? अगदी साधा माणूस हो!” गणपतीत सतरंज्या घालायला साधा माणूस, कुणाची आई इथल्या दवाखान्यात असली की डबा पोचवायला साधा माणूस. मी हसतो. आत काहीतरी चावतं. साधा! साध्या माणसाने एका म्हाताऱ्याचे हात तोडलेत, हे यांना कुठे ठाऊक?

तोडले म्हणजे कोयत्याने नाही. कोयत्याने तोडले असते तर निदान रक्त तरी दिसलं असतं.

मी मूळचा इचलकरंजीचा. मामाच्या वर्कशॉपमध्ये धार लावायचं काम करायचो – ड्रिल, कटर, टूल, जे येईल ते. वैशाली आमच्याच गल्लीतली. ती शिकत गेली, मी धार लावत राहिलो, आणि तरी तिने माझ्याशीच लग्न केलं. का केलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. विचारायची भीती वाटते. तिला टोकियोचं काम मिळालं, तिच्या व्हिसावर मी आलो. या व्हिसावर थोडे तास बाइतो करता येतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी. पण मला कोण घेणार? भाषा नाही, सर्टिफिकेट नाही. वर्षभर मी कचरा वेगळा केला – जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे – आणि मुलीला शाळेत सोडलं. ती घरी येऊन जपानीत बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायचो, दोघांनाही अर्धंच कळायचं.

मग हिराता-सान भेटले.

कावासाकीला रुळांच्या मागे त्यांचं लहानसं वर्कशॉप. तीन मशिनं, एक खिडकी, एक म्हातारा आणि हिशेब बघणारी त्यांची मुलगी मिकी-सान. धार लावायला माणूस हवाय असं वैशालीच्या ऑफिसात कुणीतरी म्हटलं होतं. मी गेलो. म्हाताऱ्याने माझ्या हातात एक बोथट पटाशी दिली आणि चाकाकडे बोट दाखवलं. मी धार लावली. त्यांनी ती स्वतःच्या मनगटावर फिरवली, केस उडाले, आणि ते म्हणाले, “उद्यापासून.” बस. कितवी शिकलास, हे ज्यांनी मला विचारलं नाही असे ते आयुष्यातले पहिलेच. मी स्टेशनवर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. हे आज लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. इतकं कळत होतं ना रे तुला? इतके उपकार कळत होते?

तिथे आम्ही काय बनवायचो, ते सांगतो. बाणाचे फाळ. शिकारीचे – ब्रॉडहेड म्हणतात त्यांना. या देशात धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे, त्यामुळे सगळा माल बाहेर जायचा. हिराता-साननी आयुष्यभर फाळ घडवले आणि आपला एकही फाळ जनावराला लागलेला त्यांनी कधी पाहिला नाही. बाजारातून डुकराच्या बरगड्या आणायच्या, त्यावर ओलं कातडं ताणायचं, मागच्या गल्लीत बाण सोडायचा, आणि मग डोळ्याला भिंग लावून फाळाकडे बघत बसायचं. घरी मी सांगितलं होतं, ‘पार्ट्स बनवतो’. वैशालीच्या घरी अंडंही चालत नाही.

फाळ दोन तऱ्हेचे. एकात पाती दुमडलेली असतात, लागल्यावर उघडतात. दुसऱ्यात पाती पक्की बसवलेली. हिराता-सान फक्त पक्क्या पात्यांचे करायचे. मी कारण विचारलं, तर हाताने उघडझाप करून दाखवत म्हणाले, “जे उघडायचं असतं, ते एखाद दिवशी उघडत नाही.” गिऱ्हाईक फाळ निवडायला लागलं की ते दुकानदारासारखे बोलायचे नाहीत, वैद्यासारखे प्रश्न विचारायचे. धनुष्य किती ताकदीचं? जनावर कुठलं – हरीण, की जाड खांद्याचं रानडुक्कर? किती अंतरावरून मारणार? धनुष्य हलकं असेल तर दोन पात्यांचा अरुंद फाळ, कारण आत जायला त्याला कमी जोर लागतो. जोरदार असेल तर तीन पात्यांचा, जखम मोठी होते, जनावर लवकर पडतं. एका डब्यातले सगळे फाळ काट्यावर सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर प्रत्येक बाण वेगळा उडतो. टोकावर उभा करून भिंगरीसारखा फिरवायचा. जरा डुगडुगला की बाद. आणि शेवटी धार. ताणलेल्या रबरावर पातं नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही. टेकवल्यावर रबर तुटलं तर पास.

“दाबायचं नाही,” ते दर वेळी म्हणायचे. “हरणाने काय म्हणून आपल्या आळसाची शिक्षा भोगावी?”

त्या वर्षी परदेशातला एक शिकारी बरेच दिवस मेल करत होता. दोन पात्यांचा घेऊ की तीन? स्टील कुठलं? मिकी-सान वैतागायची, पण हिराता-सान खूश होते. “जो इतकं विचारतो, त्याला जनावराची काळजी आहे.” त्याचं धनुष्य हलकं होतं, खांदा दुखावलेला होता. त्याला दोन पात्यांचे ठरले, जास्त कार्बनच्या स्टीलचे – धार अप्रतिम लागते, पण ओल सहन होत नाही. ते फाळ म्हाताऱ्याने स्वतः घासले. मला हात लावू दिला नाही. एकेक भिंगाखाली पाहिला, तेल लावलं, डब्यात भरला. माझं काम एवढंच – सोमवारी डब्याला टेप लावून पोस्टात द्यायचा.

आणि रविवारी खंडेनवमी होती.

आता मी सासूबाईंना दोष देणार नाही. दिला होता, मनातल्या मनात, खूप दिवस. त्या दर वर्षी व्हिडिओ कॉलवर विचारतात, “जावईबापू, हत्यारं पुजली का? ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदीकुंकू लावल्याशिवाय जेवायचं नाही हो!” आदल्या वर्षी मी पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर पुजला होता. वैशालीच्या ऑफिसातल्यांनी लॅपटॉप मांडले होते, त्यांच्यामध्ये माझी पकड. कुलकर्णी म्हणून एक आहे, तो म्हणाला, “अरे वा, प्लंबर आलाय का?” सगळे हसले. मीही हसलो. वैशाली हसली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून या वर्षी काहीतरी न्यायचं होतं. बघा, मी किती फिरतोय – काहीतरी नाही. मला ते फाळ न्यायचे होते. शनिवारी हिराता-सान घरी गेल्यावर मी तो भरलेला डबा उघडला आणि तीन फाळ रुमालात गुंडाळून खिशात घातले. कुणासाठी? देवासाठी? छे. कुलकर्णीसाठी.

आणि जमलं की हो! इतके दिवस ‘पार्ट्स’ म्हणून लपवलेले फाळ पाटावर मांडले तेव्हा सगळे वाकून बघायला लागले. “हे तू बनवतोस?” – “हो,” मी म्हणालो. तेही खोटंच. कुलकर्णी म्हणाला, “बाप रे, शिकारी आहेस तू! वैशाली, जपून राहा गं!” सासूबाई मोबाइलच्या पडद्यातून ओरडत होत्या, “दूधपाण्याने धुवा आधी! कोरडी पूजा नाही करायची!” तेलावर कुंकू बसेना. मी तेल काढलं. भांडी घासायच्या साबणाने काढलं. दूधपाण्याने धुतले, ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. वैशालीने माझ्याकडे पाहिलं – नवऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. पुजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात. हलवली नाहीत.

सोमवारी, दसऱ्याच्या सकाळी कुंकू पुसायला लागलो, तर ते निघेना. मी घासत होतो, बोटाला लाल लागत होतं, आणि कुंकू संपल्यावरही लालच लागत राहिलं. गंज होता तो. धारेवर, बारीक बारीक टिपके. धार लावणाऱ्या माणसाला हे कळू नये? मामाच्या वर्कशॉपातल्या पोरालाही कळलं असतं. मला कळत होतं. रविवारी साबण लावतानाच कळत होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते ना!

हिराता-सान यायच्या आत मी वर्कशॉप गाठलं. चाक चालू केलं. घाईत पाणी सोडलं नाही, कोरडंच घासलं. गंज गेला. पण तिसऱ्या फाळाच्या धारेवर निळसर झाक आली. जे हे काम करतात त्यांना माहीत आहे – निळा रंग आला म्हणजे स्टील तापलं, त्याचं पाणी उतरलं. दिसायला धार असते, आत दम नसतो. हाडाला लागली की वळते. मी ती निळी झाक पॉलिशने काढून टाकली. दिसेनाशी केली. मग रबर ताणलं. पहिले दोन नुसते टेकवले, तुटलं. तिसरा टेकवला. नाही तुटलं.

मी दाबला.

हेच. हेच सांगायचं होतं. इतकी पानं यासाठी खर्च केली. मी दाबला, रबर तुटलं, आणि एकटाच उभा असताना मी मोठ्याने म्हणालो, “पास.” कुणाला ऐकवत होतो? तेल लावलं, डब्यात ठेवला, टेप मारली, पोस्टात दिला. दुपारी हिराता-साननी विचारलं, “गेला डबा?” मी म्हणालो, “गेला.” ते खुशीत चहा प्यायले.

हिवाळ्यात मेल आला. मिकी-सान वाचून जपानीत सांगत होती. त्या माणसाने हरणावर बाण सोडला होता, नेम बरोबर बरगडीवर लागला. पण फाळ पुरता आत गेला नाही. हरीण पळालं. रक्ताचा माग बारीक होता, अंधार पडला, माग तुटला. दुसऱ्या दिवशी ते ओढ्यात पडलेलं सापडलं – जिवंत. पुढचं त्याने लिहिलं नव्हतं, फक्त ‘मला ते संपवावं लागलं’ एवढंच. त्याने भरपाई मागितली नाही, शिवी दिली नाही. तुम्ही बघितलंत तर तुम्हाला कळेल, म्हणून फाळ परत पाठवतोय, असं लिहिलं. अशा माणसाचा मला आजही संताप येतो. दे ना शिवी! एक तरी शिवी दे!

फाळ आला. धार एका बाजूला वळली होती, पत्र्यासारखी. हिराता-साननी भिंग लावून खूप वेळ पाहिलं. मग तो टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर कमरेत वाकले. त्या फाळासमोर. की त्या हरणासमोर, कोण जाणे. मग माझ्याकडे वळले.

“माने-सान, मी डबा भरल्यावर कुणी उघडला होता?”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता, हे लक्षात घ्या. धमकी नव्हती. मला वाटतं त्यांना आशा होती. उघडला होता, असं मी म्हणावं, अशी आशा. बुडणारा माणूस काठावरच्याला विचारतो तसं विचारलं त्यांनी.

मी म्हणालो, “नाही.”

“मग माझे डोळे गेले,” ते म्हणाले.

मी का नाही बोललो? नोकरी जाईल म्हणून? जाऊ दे, व्हिसा तर वैशालीचा होता. उपाशी मेलो नसतो. वैशाली रागावली असती? एक दिवस. खरं कारण सांगू? मला लाज वाटली. दूधपाण्याने धुतले, कुंकू लावलं, झेंडू वाहिला – हे मी माझ्या मोडक्या जपानीत त्या स्वच्छ वर्कशॉपमध्ये उभं राहून कसं सांगू, असं वाटलं. हे लोक हसतील. आपल्या माणसांसमोर मोठं दिसायला पूजा केली आणि परक्यांसमोर त्याच पूजेची लाज वाटली. म्हणजे मी कुणाचा झालो? आणि हिराता-सान हसले नसते. मला खात्री आहे, ते हसले नसते. त्यांच्याच वर्कशॉपात कोपऱ्यात लहान देव्हारा होता, वर्षाच्या पहिल्या दिवशी ते मशिनांसमोर मीठ आणि तांदूळ ठेवायचे. मी रोज बघत होतो तो देव्हारा! ज्याला सांगितलं तर सगळ्यात नीट कळलं असतं, त्यालाच नाही सांगितलं.

ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांना थोडा मोतीबिंदू दिसला – त्या वयात कुणाला नसतो? फार काही नाही, असं त्यांनी सांगितलंही. पण हिराता-सानना पुरावा मिळाला. ते वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाले, “बघा, होताच.” मिकी-सान चिडली, “ओतोसान, एक फाळ चुकला म्हणून कुणी काम सोडतं का?” ओतोसान म्हणजे बाबा. ते शांतपणे म्हणाले, “तो एक दिसला. आधीचे किती असतील?”

ऐकलंत? आधीचे किती असतील! मी त्यांचा फक्त तो एक फाळ नासवला नाही. त्यांचं आयुष्यभराचं काम नासवलं. प्रत्येक डबा, प्रत्येक हरीण, सगळ्यावर शंका घ्यायला लावली. त्यांनी स्वतःच्या धार लावायच्या सहाणा वाटून टाकल्या. फाळांचं काम बंद झालं. मिकी-सानने कारखान्यांच्या कटरचं काम धरलं आणि म्हाताऱ्याच्या खुर्चीवर मला बसवलं.

घरी मी काय सांगितलं? “शाचोंचं वय झालंय गं. नजर राहिली नाही.” शाचो म्हणजे मालक. खोटं नुसतं लपवलं नाही, वाढून दिलं. वैशालीने सगळ्यांना बोलावलं, केक आणला. कुलकर्णीने खांद्यावर हात टाकला. “क्या बात है, आता हेड झालास! तू डिझर्व्ह करतोस रे. साधा माणूस, पण मेहनती.” मी केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले. घशात अडकला वगैरे काही नाही. छान गेला खाली. सुरुवातीला म्हटलं ना, राग आलाय – तो राग कुलकर्णीचा नाही, सासूबाईंचा नाही, त्या शिकाऱ्याचा तर नाहीच. केक खाणाऱ्याचा आहे.

मागच्या शरदात मी त्यांना भेटायला गेलो. जातो अधूनमधून, चांगला माणूस आहे ना मी! मिकी-सान आत चहा करत होती. टेबलावर नाशी होती, ती इथली गोल, पाणीदार पेअर. सुरी बाजूला पडली होती. हिराता-साननी सुरीकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतले, लहान मूल घेतं तसे. “माने-सान, तूच सोल. मी आजकाल धारेला हात लावत नाही. कुणाला तरी लागेल.”

मी सोलली. ते लांबून माझ्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, “तिथे साल राहिलंय बघ. अंगठ्यापाशी.”

राहिलं होतं. केसाएवढं. खोलीच्या त्या टोकाला बसून त्यांना दिसलं होतं.

तेव्हा बोलता आलं असतं. याहून सोपी वेळ देवाने कुणाला दिली नसेल. ‘शाचो, तुमचे डोळे चांगले आहेत’ – एवढंच वाक्य. ते मला जपानीत येतं. व्याकरणासकट येतं, मी ट्रेनमध्ये पुष्कळदा म्हणून पाहिलंय. मी तेवढं साल काढलं, फोड त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि “आरिगातो” म्हणाले.

हिराता-सान आजही आहेत. त्याच घरात राहतात, आणि त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हे सगळं मी मराठीत लिहिलंय, कारण त्यांना मराठी वाचता येत नाही.